बीपीच्या पाचच गोळ्या द्या, आणि ती बेरीची बाटली

वाईत माझं मेडिकल आहे, यंदा २२ वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात एक काका आले, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, वय ७२, दर महिन्याला न चुकता येणारे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि म्हणाले, "बीपीच्या पाचच गोळ्या कापून दे, आणि ती निळ्या फळाची बाटली दे एक." बाटली म्हणजे बेरीच्या कॅप्सूलची, १४५० रुपयांची. गोळ्यांची अख्खी स्ट्रिप घेतली असती तरी तीस-पस्तीस रुपये. मी म्हटलं काका पूर्ण स्ट्रिप का नाही घेत, तर म्हणे, "एक दिवसाआड घेतोय आता, हळूहळू सुटेल. व्हिडिओत सांगितलंय, नसा मोकळ्या झाल्या की गोळी लागत नाही." काउंटरमागं बीपीचं मशीन असतं माझ्याकडं, त्यांना खुर्चीवर बसवलं, पाच मिनिटं शांत बसू दिलं, मोजलं. १८२/९८. परत मोजलं, १७८/९६.

आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की त्याआधीच्या चार बाटल्या मीच दिल्या होत्या. एमआर (कंपनीचा विक्री प्रतिनिधी) आला होता, स्कीम चांगली होती, मी काउंटरवर पुढंच मांडल्या होत्या, लोक विचारायचे, मी द्यायचो. चार महिन्यांत एकदाही मी त्यांना विचारलं नाही की काका, बीपीची गोळी चालू आहे ना. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय, आणि आता माझं मत पक्कं झालंय म्हणून लिहितोय: हृदयाचं चित्र छापून, रक्तवाहिन्यांचं नाव घेऊन साठीच्या पुढच्या माणसांना बेरीच्या कॅप्सूल, पावडरी आणि ज्यूस विकायची जी पद्धत आपल्याकडं पडलीय ती बदलली पाहिजे, आणि सुरुवात आम्हा मेडिकलवाल्यांनी करायला पाहिजे.

बेरीत काहीच नसतं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं, त्याला एन्डोथेलियम म्हणतात. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोडा थोडा तयार करतं आणि त्यानं वाहिनी सैल पडते, रक्ताला वाट मिळते (१९९८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच शोधाला मिळालं). वय वाढलं, बीपी-शुगर मागं लागली की हे अस्तर दमतं, वाहिनी कडक व्हायला लागते. आता ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, आपलं जांभूळ, करवंद, कोकम यांना जो लाल-जांभळा रंग असतो ना, तो देणारी द्रव्यं म्हणजे अँथोसायनिन. ती आहे तशी रक्तात फारच कमी उतरतात, पण आतड्यातले जीवाणू त्यांची मोडतोड करतात आणि त्यातून जे बारीक पदार्थ निघतात ते या अस्तराला मदत करतात असं दिसतंय. हे मोजायची रीतही चांगली आहे, हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, मग सोडायचं आणि दंडातली मोठी वाहिनी किती टक्के फुगते ते सोनोग्राफीवर बघायचं.

बेरी देऊन माणसांवर ज्या ट्रायल (चाचण्या) झाल्या त्यातल्या काही मी वाचल्या. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाची २०१९ ची आहे, ५० ते ७५ वयाची ११५ माणसं, सगळ्यांना पोट सुटणं, शुगर-बीपी काठावर असा तो मेटाबॉलिक सिंड्रोम. सहा महिने ब्लूबेरीची पावडर रोज दिली. ज्यांना कपभर ताज्या फळाइतकी, म्हणजे २६ ग्रॅम दिली त्यांची वाहिनी फुगायची क्षमता साधारण दीड टक्क्यानं सुधारली, ज्यांना अर्ध्या कपाइतकी दिली त्यांना फायदा झाला नाही. बीपी कमी झालं नाही, आणि जे मुख्य बघायचं होतं, अंग इन्सुलिनला किती दाद देतं, त्यातही फरक पडला नाही. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजची २०२३ ची, ६५ ते ८० वयाची ६१ धडधाकट माणसं, १२ आठवडे जंगली ब्लूबेरीची २६ ग्रॅम पावडर, तिथं वरचं बीपी साधारण साडेतीननं उतरलं. अमेरिकेत फ्लोरिडातली २०१५ ची, पाळी गेलेल्या ४८ बायका, ८ आठवडे, रोज २२ ग्रॅम, वरचं बीपी १३८ वरून १३१ वर आलं. हे आकडे खोटे नाहीत आणि माणसंही प्रामाणिक आहेत. ईस्ट अँग्लियाच्या आणि लंडनच्या कामाला ब्लूबेरीवाल्यांच्या संघटनांचे पैसे होते, त्यांनी ते लपवलेलं नाही, पण वाचताना आपण ते लक्षात ठेवायला पाहिजे.

आता यातलं २६ ग्रॅम नीट बघा, कारण सगळा घोळ तिथंच आहे. माझ्या काउंटरवरची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. साध्या पावडरीचा हिशोब केला तर २६ ग्रॅम म्हणजे रोज ५२ कॅप्सूल, आणि बाटलीत असतात ६०. कंपनीवाला म्हणेल आमचा एक्स्ट्रॅक्ट आहे, घट्ट केलेला आहे, त्यामुळं कमी पुरतो. असू शकेल, तसे एक्स्ट्रॅक्ट असतात. मग त्यात अँथोसायनिन किती मिलिग्रॅम ते छापा ना. लंडनच्या ट्रायलमध्ये रोजचं ३०२ मिलिग्रॅम होतं, कागदावर लिहिलेलं आहे. माझ्याकडं त्या वेळी तीन वेगवेगळ्या बाटल्या होत्या, मी तिन्ही उलटसुलट करून भिंग लावून वाचल्या, दोघांवर फक्त 'बेरी ब्लेंड' असं लिहून पुढं आठ फळांची नावं, आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. त्यात महाग फळ चिमूटभर आणि बाकी स्वस्तातलं असलं तरी तुम्हाला कळायचा मार्ग नाही. आणि वर 'प्रचंड अँटिऑक्सिडंट पॉवर'. असे अँटिऑक्सिडंटचे आकडे देणारा एक तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्यानं वेबसाइटवर ठेवला होता, तो त्यांनी २०१२ मध्ये स्वतःहून काढून टाकला, कारण काचनळीतला आकडा माणसाच्या अंगात काही सांगत नाही आणि सप्लिमेंटवाले त्याचा गैरवापर करत होते. तेरा-चौदा वर्षं होत आली, आपल्याकडं अजून तीच भाषा चालू आहे.

आणि समजा डोस बरोबर आहे, तरीही वाहिनी दीड टक्का जास्त फुगणं आणि हार्ट अॅटॅक टळणं यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर किती फसवं असतं ते या धंद्यात आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. व्हिटॅमिन ई आठवा. माझ्या दुकानाच्या सुरुवातीच्या काळात त्या हिरव्या मऊ कॅप्सूल हृदयासाठी म्हणून सर्रास जायच्या, खरं तर त्याच्या आधीच २००० साली होप नावाची ट्रायल येऊन गेली होती, साडेनऊ हजार माणसं, साडेचार वर्षं, अॅटॅक-स्ट्रोकमध्ये काही फरक नाही. बीटा कॅरोटीनचं तर भयानक झालं, फिनलंडमध्ये २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना दिलं, कॅन्सर कमी होईल म्हणून, आणि १९९४ ला निकाल आला की फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेरॅट्रॉलचा केवढा गाजावाजा झाला, नाशिक-सांगलीवाल्यांना तर आनंदच झाला असेल. मग इटलीतल्या कियांती भागात ६५ च्या पुढच्या ७८३ माणसांच्या लघवीत ते मोजून नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, २०१४ ला छापून आलं, ज्यांच्या अंगात जास्त ते जास्त जगले असं काही निघालं नाही.

बेरीच्या जवळ जाणारी सगळ्यात मोठी ट्रायल म्हणजे कॉसमॉस, २०२२ ची, पण ती बेरीची नाही, कोकोच्या अर्काची. कोकोमध्ये असतात ती फ्लॅव्हनॉल अँथोसायनिनची चुलत भावंडं. २१,४४२ माणसं, पुरुष साठीच्या पुढचे, बायका पासष्टीच्या पुढच्या, साडेतीन वर्षांहून जास्त काळ रोज ५०० मिलिग्रॅम. अॅटॅक, स्ट्रोक, अँजिओप्लास्टी असं सगळं मिळून मोजलं तर १० टक्के कमी दिसले, पण तो फरक योगायोगानंही पडू शकतो इतका कच्चा होता. हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी निघाले. आता ही दुसरी गोष्ट ऐकून कुणालाही उभारी येईल, मलाही आली, पण ज्या प्रश्नासाठी ट्रायल केली त्याचं उत्तर पक्कं आलं नाही आणि बाजूचं काहीतरी छान निघालं, तर ते परत तपासायचं असतं, त्यावर बाटल्या विकायच्या नसतात. आणि बेरीच्या कॅप्सूलनं म्हाताऱ्या माणसांचे अॅटॅक किंवा स्ट्रोक कमी होतात असं वीस हजार सोडा, पाच हजार माणसांवरही कुणी दाखवलेलं नाही.

याउलट जुन्या कंटाळवाण्या गोळीचं बघा. ८० वर्षांच्या पुढच्या ३,८४५ माणसांवर हायव्हेट नावाची ट्रायल झाली, २००८ ला निकाल. इतक्या वयात बीपी उतरवावं का हाच तेव्हा वाद होता. साधी, स्वस्त बीपीची गोळी देऊन मृत्यू २१ टक्के कमी, हार्ट फेल्युअर ६४ टक्के कमी. चीनमध्ये ६०० खेड्यांत साधारण २१ हजार माणसांचं रोजचं मीठ बदललं, त्यात पाव हिस्सा पोटॅशियमवालं मीठ, २०२१ ला छापलं, स्ट्रोक १४ टक्के कमी. (हे वाचून लगेच असं मीठ आणू नका, किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम वाढतं, डॉक्टरांना विचारून.) आणि कोलेस्टेरॉलसाठी क्लीव्हलंड क्लिनिकनं २०२२ मध्ये एक सरळ सामना लावला, ५ मिलिग्रॅमची साधी रोसुव्हास्टॅटिन एकीकडं, आणि फिश ऑइल, लसूण, हळद, दालचिनी अशी सहा सप्लिमेंटं दुसरीकडं. २८ दिवसांत गोळीनं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जवळपास ३८ टक्के उतरवलं, बाकी सहापैकी एकानंही कोऱ्या, आत औषध नसलेल्या गोळीपेक्षा जास्त उतरवलं नाही.

आपल्याकडं चार प्रौढांमागं किमान एकाला हाय बीपी आहे आणि त्यातल्या फक्त १२ टक्क्यांचं कंट्रोलमध्ये आहे असं डब्ल्यूएचओनं २०२२ मध्ये सांगितलं होतं. १२ टक्के. म्हणजे हाय बीपी असलेले बहुतेक जण कंट्रोलच्या बाहेरच. आणि आमच्या सातारा जिल्ह्यात तर सरकारचा बीपी कंट्रोलचा कार्यक्रम २०१८ च्या आसपास सुरुवातीलाच आला, पीएचसीत गोळ्या फुकट मिळतात, जनऔषधीत एका कटिंग चहाच्या पैशात स्ट्रिप येते. गोळी महाग आहे म्हणून लोक बाटलीकडं वळतात असं म्हणायला जागाच नाही.

मग का वळतात? हा प्रश्न मी त्या काकांना सोबत घेऊन सोडवला असं म्हणा. त्यांना बसवून, चहा मागवून विचारलं की काका खरं सांगा, गोळी सोडावीशी का वाटली. खूप वेळ व्हिडिओचंच सांगत होते. मग पँट जरा वर केली आणि घोटा दाखवला. सुजलेला, मोज्याच्या इलास्टिकची खोल रेघ उठलेली. "संध्याकाळी चप्पल चढत नाही रे." अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं पाय सुजतात, आमच्या लाइनमध्ये हे पोरासोरालाही माहीत आहे, गोळी बदलली किंवा डोस कमी करून दुसरी जोडली की बहुतेकांचं थांबतं. पण काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांकडं दोन मिनिटं मिळतात, तिथं बीपी मोजून 'चालू ठेवा' एवढंच होतं, आणि माझ्याकडं तर तेवढंही नाही, चिठ्ठी बघायची, स्ट्रिप टाकायची, पैसे घ्यायचे. त्या व्हिडिओतला माणूस मात्र सोळा मिनिटं त्यांच्याशी बोलला होता, आपल्या भाषेत, बाबा-आजोबा म्हणत, चित्रं काढून. मला हेच सांगायचंय की बेरीची बाटली जिथं शिरते ती जागा आम्हीच रिकामी सोडलेली असते. म्हातारं माणूस गोळीला वैतागलेलं असतं, आयुष्यभर घ्यायचीय हे कुणी समजावलेलं नसतं, आणि फळ म्हटलं की मनाला बरं वाटतं, आजारी असल्यासारखं वाटत नाही. त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही, फक्त त्याचा कुणी धंदा करू नये.

धंद्याचंही सांगतो, लपवण्यात काय अर्थ आहे. सरकारी यादीतल्या, भाव बांधलेल्या औषधावर आम्हाला १६ टक्के मार्जिन असतं. तीस रुपयांच्या स्ट्रिपवर किती सुटतात हिशोब करा. बेरीच्या बाटलीवर मला त्याच्या दुपटीहून जास्त टक्के सुटत होते आणि ते १४५० वर. आता दुकानाचं भाडं, पोराचा पगार, ऑनलाइनवाल्यांशी स्पर्धा, या सगळ्यात कुठली गोष्ट काउंटरवर पुढं मांडली जाणार ते उघड आहे. म्हणून 'लोकांनी जागरूक व्हावं' हे बोलणं मला पटत नाही, ७२ वर्षांच्या माणसानं भिंग घेऊन जागरूक व्हायचं आणि आम्ही शिकलेल्यांनी गप्प राहायचं का. काही जण म्हणतील की स्वतःच्या पेन्शनचे पैसे आहेत, घेऊ दे ना, नुकसान काय आहे. नुकसान त्या पाच गोळ्यांत आहे जे मी वर सांगितलं. शिवाय ज्यांना झडप बदललीय किंवा ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, वॉरफेरिन वगैरे, त्यांच्यासाठी तर क्रॅनबेरीबद्दल ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं २००३ मध्येच इशारा दिला होता. नॅचरल आहे म्हणून डॉक्टरांना सांगायची गरज नाही असं समजून घरोघरी हेच चाललेलं असतं.

कायदा नाही असंही नाही. १९५४ चा जादूटोणा-औषधांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत हृदयविकार आहे, हाय बीपी आहे, ते बरं करतो अशी जाहिरातच करता येत नाही. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था) २०१६ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक बाटलीवर 'औषध म्हणून वापरू नये' या अर्थाचं वाक्य छापावं लागतं. छापलेलं असतंही, मी वाचलं, बाटलीच्या मागं, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की नियम पाळला गेला, मराठीत छापायची सक्ती नाही. माझं म्हणणं आहे की ते वाक्य समोरच्या बाजूला, हृदयाच्या चित्राला लागूनच, जिथं विकायचं तिथल्या भाषेत आणि त्या चित्राइतकंच मोठं पाहिजे: हे औषध नाही, यासाठी तुमची बीपीची, शुगरची, हृदयाची गोळी बंद करू नका. आणि आत प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे. हे जमत नसेल तर हृदयाचं चित्र काढून टाका, फळाचं ठेवा, फळ म्हणून विका.

फळ म्हणून मात्र मी सगळ्यांना खा म्हणेन, मनापासून. आमच्याकडं पसरणी घाट चढायला लागलं की हिवाळ्यात दोन्ही बाजूला स्ट्रॉबेरीचे स्टॉल, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० लाच जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आणि मे महिन्यात त्याच रस्त्याला बायका पळसाच्या द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसतात. हात निळे होतात त्यांचे. जांभूळ खाऊन बीपी उतरतं असं मी सांगणार नाही, तेही औषध नाही, आणि मीठ-तिखट भुरभुरून खायची आपली सवय बीपीवाल्यानं तर आवरलीच पाहिजे. पण फळात फायबर येतं, त्या वेळचा वडापाव टळतो, पैसे त्या बाईच्या हातात जातात, आणि द्रोण खाल्ला म्हणून कुणी गोळी सोडत नाही.

माझ्या दुकानात आता बाटल्या मागच्या कपाटात आहेत, मागितली तर देतो, पण आधी तीन गोष्टी विचारतो, गोळ्या कुठल्या चालू आहेत, रोज घेता का, आणि घेताना काही त्रास होतो का. तिसऱ्या प्रश्नाला जी उत्तरं मिळतात ना, पाय सुजतात, कोरडा खोकला येतो, उठताना गरगरतं, रात्री लघवीला उठावं लागतं, ती मी चिठ्ठीमागं लिहून देतो आणि म्हणतो हे डॉक्टरांना दाखवा. बाटल्यांचा खप निम्म्याहून खाली आलाय, आणि खरं सांगतो, एक तारखेला भाडं भरताना तो जाणवतो.

काकांची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. दोन आठवड्यांत सूज उतरली, दिवाळीनंतर मोजलं तेव्हा बीपी १४२/८४ होतं, अजून थोडं यायला पाहिजे. त्या दिवशी येताना पिशवीतून एक सील न फोडलेली बाटली घेऊन आले होते, आधी घेतलेल्यातली, म्हणाले ही परत घेतोस का. मी पैसे परत दिले. स्टॉकिस्ट ती घेत नाही, बिलाची मुदत गेली, त्यामुळं ती माझ्या गल्ल्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.